रोज एक रोप

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चेन्नईत बहावा फुलू लागतो. आपला पाडवा होऊन गेलेला असतो. घरात कडुलिंबाची पानं खाऊन झालेली असतात आणि शेजारच्या तमिळ घरांत 14 एप्रिलच्या नववर्षासाठी कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी करण्याची तयारी चाललेली असते. करंजाची फिकट फुलं रस्त्याच्या कडेला साचलेली असतात. पर्जन्यवृक्षाला इथे ‘तूंगुमूंजी’ म्हणतात, म्हणजे झोपाळू तोंडाचा, कारण संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात. त्याच्याही गुलाबी तुऱ्यांची सुरुवात झालेली असते. सकाळी फिरायला निघालं की हात आपोआप मोबाइलकडे जातो.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे अशा फोटोंचा ढीग साचला आहे. फोटो कधी काढला, हे मोबाइल स्वतःच लिहून ठेवतो. दिवस, तास, मिनिट, कधीकधी गल्लीसुद्धा. झाडाचं नाव मात्र मीच लिहायचं असतं आणि ते बहुतेक वेळा राहून जातं. म्हणजे फोटो कुणी काढला ते पक्कं, कधी काढला तेही पक्कं; कशाचा काढला ते मात्र अधांतरी.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. तिथे झाडाचं नाव आहे. चित्र काढून घेणाऱ्याचंही आहे. ज्या हाताने चित्र काढलं, त्याचं तेवढं नाही. तो हात एका मराठी माणसाचा होता.

ह्यू क्लेगहॉर्न हा स्कॉटिश डॉक्टर. जन्म 1820 मध्ये मद्रासचाच, शिक्षण एडिंबरात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो परत आला आणि 1840च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या शिमोग्याला त्याची नेमणूक झाली. विल्यम हूकर हे त्या काळातलं ब्रिटनमधलं वनस्पतिशास्त्रातलं मोठं नाव. रोज पाव तास एका रोपाचा अभ्यास करावा, असा त्यांचा सल्ला होता. क्लेगहॉर्नने तो मनावर घेतला आणि त्यासाठी एक चित्रकार कामाला ठेवला. साधारण 1845 ते 1847 या काळात या चित्रकाराने शिमोग्याच्या आसपासची रोपं एकामागून एक कागदावर उतरवली. क्लेगहॉर्नच्या संग्रहातली चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकाने 2016 मध्ये त्यांवर पुस्तक काढलं, तेव्हा कुठे ती बाहेरच्या वाचकांना नीट पाहायला मिळाली. चित्रकाराविषयी जी ओळख उरली आहे ती एका शब्दाची: मराठी.

हा शब्द पुष्कळ सांगतो आणि काहीच सांगत नाही. त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘मराठा’ म्हणजे कधी भाषा, कधी जात, कधी फौजेतला माणूस, तर कधी नुसतंच ‘तिकडून आलेला’. शिमोग्याच्या मुलखात मराठी माणसं असण्यात नवल काहीच नव्हतं; मराठ्यांच्या फौजा अठराव्या शतकात त्या वाटेने अनेकदा गेल्या होत्या आणि मागे वस्त्या राहिल्या होत्या. या माणसाने चित्रकला कुठे उचलली, घरात की देवळात की एखाद्या दरबारात, हे त्या एका शब्दातून कळत नाही.

त्याचं काम कसं चालत असेल, हे मात्र बरंचसं कळतं, कारण वनस्पतींची चित्रं काढण्याची रीत ठरलेली होती. सकाळी रोप आणायचं. ते ताजं असतानाच त्याची बाह्यरेषा पेन्सिलने कागदावर घ्यायची. फांदी कुठे वळते, पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, देठावर लव आहे की नाही, हे सगळं आधी. मग जलरंग. रंग आधी फुलाला, कारण ते सर्वांत आधी माना टाकतं. पानं दुपारपर्यंत टिकतात. अनेकदा कागदाच्या खालच्या बाजूला जागा सोडलेली असे. तिथे फूल उकलून त्याचे पुंकेसर, बीजांडकोश, बी वेगवेगळे आणि मोठे करून दाखवायचे. साहेबाचा अभ्यास पाव तासाचा. चित्रकाराचा दिवस उजेड असेपर्यंत. ‘रोज एक रोप’ या नेमाची खरी किंमत चित्रकाराने मोजली.

त्या नेमात आणखी एक गोष्ट आपोआप घडते. रोज जे फुललेलं असेल ते आणायचं म्हटलं की कागदांची चळत हेच एक पंचांग होतं. मलनाडातला पाऊस, त्यानंतरची रानफुलं, हिवाळ्यातली झुडपं, उन्हाळ्यातले मोठे वृक्ष. चित्रकाराने ऋतूवर काही भाष्य केलं नसेल. पण ऋतू त्याच्या हाताखालून गेला.

मराठी माणूस आणि दक्षिणेतली वनस्पतींची चित्रं, हा संबंध शिमोग्यात सुरू झाला नाही. त्याच्या आधी चाळीस वर्षं तंजावरला तो चांगला मुरलेला होता. सरफोजी दुसरे 1798 मध्ये गादीवर आले. त्याआधी काही वर्षं वारसाहक्काच्या भांडणामुळे त्यांना मद्रासेत राहावं लागलं होतं आणि मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण तिथे झालं. तंजावरला परतल्यावर राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजाच्या हाती उरलं ते किल्ल्याच्या आतलं जग. त्या जगात त्यांनी ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात औषधं करवून घेतली, छापखाना घातला, आणि चित्रकारांकडून झाडं, पक्षी, प्राणी काढून घेतले. त्यांतला एक संच त्यांनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. देवदेवतांच्या चित्रांत सोन्याचा वर्ख आणि रत्नं बसवणाऱ्या शहरात कुणीतरी कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकच फांदी काढत होतं, मागे कमान नाही, महिरप नाही, काही नाही. डोळ्यांना ही किती मोठी सवयमोड असेल याची कल्पना करावी.

याच तंजावरच्या छापखान्यातून 1806च्या सुमारास ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघालं. इसापनीतीचा अनुवाद, अनुवादक सखण पंडित. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना हे नाव येतंच. अनुवादकाचं नाव टिकलं आणि त्याच किल्ल्यातल्या फुलांच्या चित्रकारांची नावं सामान्य वाचकापर्यंत आली नाहीत. मी अनुवाद करते, त्यामुळे या फरकाकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. एका भाषेतलं वाक्य दुसऱ्या भाषेत नेणारा आणि जिवंत फांदी सपाट कागदावर नेणारा, दोघांचं काम जवळचं आहे. दोघांनीही स्वतःचं काही घालायचं नसतं असं मानलं जातं, आणि दोघांनाही क्षणाक्षणाला ठरवावं लागतं: काय ठेवायचं, काय सोडायचं.

नाव टिकवणं अशक्य होतं असंही नाही. मलबारातल्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या डच ग्रंथाचा पहिला खंड 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांचं निवेदन नागरी अक्षरांत, त्यांच्या नावांसकट आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचंही आहे. शिमोग्याच्या आधी पावणेदोनशे वर्षं! म्हणजे नाव लिहिण्याची रीत माहीत नव्हती, असं म्हणता येत नाही.

मद्रासेतही एकाने ती पाळली. रॉबर्ट वाइट हाही कंपनीचा डॉक्टर. दक्षिण भारतातल्या वनस्पतींवर त्याने 1838 ते 1853 या काळात सहा खंडांचा सचित्र ग्रंथ मद्रासेत छापला. त्यात 2,101 चित्रफलक आहेत. चित्रं मुख्यतः दोन तेलुगू चित्रकारांची, आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू. अनेक फलकांच्या खाली बारीक अक्षरांत त्यांची नावं आहेत. वाइटने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. एका ऑर्किडच्या प्रजातीसाठी त्याने नवा गण कल्पिला आणि त्याला नाव दिलं ‘गोविंदूइया’. साम्राज्याच्या वनस्पतिशास्त्रात गव्हर्नर, त्यांच्या बायका, सेनापती आणि डॉक्टर यांच्या नावाने झाडं होती. पगारी देशी चित्रकाराच्या नावाने गण, हे विरळ.

त्याचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. वाइटने क्लेगहॉर्नच्या नावानेही एक गण केला होता, ‘क्लेगहॉर्निया’. तो आजही मान्य आहे. गोविंदूचं ऑर्किड मात्र आधीच नाव दिलेल्या ‘ट्रोपिडिया’ या गणातलं ठरलं आणि ‘गोविंदूइया’ समानार्थी नावांच्या यादीत जाऊन बसलं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. आधीचं नाव ग्राह्य धरायचं, हा शास्त्राचा नियमच आहे. पण नियम चालताना चित्रकाराचं नाव खाली गेलं आणि डॉक्टरचं वर राहिलं, हे दिसतंच.

क्लेगहॉर्न पुढे मद्रासला आला. मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला, आणि 1856 मध्ये मद्रास इलाख्याच्या नव्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. वाइटच्या पुढाकाराने 1835 मध्ये सुरू झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या कामातही तो होता. त्या सोसायटीची जागा कॅथीड्रल रोडवर होती. त्याच सुमारास शहरात फोटोग्राफी आली होती. अलेक्झांडर हंटर या आणखी एका डॉक्टरने 1850 मध्ये कलाशाळा काढली. आजचं सरकारी ललितकला महाविद्यालय ते हेच. त्याच्याच पुढाकाराने 1856 मध्ये मद्रास फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लिनियस ट्राइप हा लष्करी अधिकारी सरकारी छायाचित्रकार म्हणून तंजावर, मदुराई, श्रीरंगम् इथली देवळं टिपत होता. तंजावरच्या बृहदीश्वराच्या पायथ्याचा शिलालेख त्याने 1858 मध्ये तुकड्यातुकड्याने टिपून एकसलग लांब पट्टी तयार केली.

मग सहज प्रश्न पडतो. कॅमेरा आला, सोसायटी झाली, सरकारी छायाचित्रकारही नेमला; तरी क्लेगहॉर्नसारखी माणसं फुलांसाठी चित्रकारच का ठेवत राहिली? हंटरच्या शाळेतली मुलंही क्लेगहॉर्नसाठी वनस्पतींची चित्रं काढत होती.

एक कारण वाऱ्याचं. त्या काळच्या कॅमेऱ्याला उजेड पिण्यासाठी काही सेकंद, कागदी निगेटिव्ह असेल तर काही मिनिटं लागत. देऊळ तेवढा वेळ जागचं हलत नाही, फांदी हलते. दुसरं कारण उष्म्याचं. कोलोडियनची काच ओली असतानाच वापरावी आणि धुवावी लागे. मद्रासच्या उन्हात ती बघता बघता सुकायची. पण सर्वांत मोठं कारण रंगाचं. चित्र काळंपांढरं येई, एवढीच अडचण असती तर भागलं असतं. ती रसायनं निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. पिवळा आणि तांबडा त्यांना जवळजवळ दिसतच नसे. निळं आभाळ कोरं पांढरं उमटे. बहाव्याचा पिवळाधमक घोस, ज्याच्याकडे आपण लांबूनही ओढले जातो, तो काळपट डागासारखा येई. गोकर्णाचं गडद निळं फूल उजळ आणि पांगाऱ्याचं लालभडक फूल काळं. हा दोष 1873 नंतर, रंगद्रव्यं मिसळून काच पिवळ्या-हिरव्यालाही संवेदनशील करता येते हे कळल्यावर, हळूहळू कमी झाला. सामान्य छायाचित्रकाराच्या हाती रंगीत काचा यायला 1907 उजाडलं.

म्हणजे 1856च्या मद्रासेत यंत्राला बहावा दिसत नव्हता आणि माणसाला दिसत होता. ज्याला आपण आज ‘हुबेहूब’ म्हणतो ते काम तेव्हा कुंचल्याचं होतं. फोटोग्राफीने चित्रकाराचं काम काढून घेतलं, असं सरसकट म्हणण्याची आपल्याला सवय आहे. फुलांच्या बाबतीत ते निदान अर्धं शतक खरं नव्हतं; आणि आजही वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत रेखाचित्रं असतात, कारण फोटो एका फुलाचा असतो आणि रेखाचित्र त्या जातीचं. चार फुलं पाहून, त्यातलं एकाचं अपघाती वाकडेपण सोडून, सगळ्यांत जे समान आहे ते चित्रकार उचलतो.

याच शहरात पुढे एक माणूस होऊन गेला ज्याने कॅमेरा आणि पेन्सिल दोन्ही हाती धरले. एम. कृष्णन, 1912 ते 1996. तमिळ कादंबरीकार ए. माधवय्या यांचे पुत्र. कॉलेजात असताना प्रा. फायसन या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर ते डोंगरांत हिंडले. ‘द स्टेट्समन’मधला त्यांचा निसर्गस्तंभ 1950 पासून ते गेले त्या वर्षापर्यंत चालू होता. फोटो त्यांनी आयुष्यभर काळेपांढरेच काढले, तेही बरेचसे स्वतः जुळवलेल्या अवजड कॅमेऱ्याने, ज्याला ते गमतीने ‘सुपर पॉन्डेरोसा’ म्हणत. त्यांचा भर वन्य प्राण्यांवर होता. पण शहरात आणि बागांत परदेशी शोभेची झाडं लावण्याच्या हौसेवर ते सतत टीका करत आणि इथल्या मातीतली झाडं लावा म्हणत. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतला, कैलासपती, ज्याला इथे नागलिंगम् म्हणतात, तोही दक्षिण अमेरिकेचा. माझ्या मोबाइलमधले निम्मे ‘चेन्नईचे ऋतू’ असे बाहेरून आलेले आहेत, हे मला कृष्णन यांच्यामुळे दिसलं. त्या झाडांवरचं माझं प्रेम कमी झालं नाही. मात्र मयिलापूरच्या कपालीश्वर देवळात स्थळवृक्ष म्हणून पुन्नै का आहे, आणि हा पुन्नै म्हणजे आपल्या कोकणातली उंडीच, हे नावासकट लक्षात राहिलं.

नावाचा प्रश्न अनुवाद करताना तर फारच टोचतो. तमिळमध्ये बहाव्याला ‘कोन्रै’ म्हणतात. संगम काव्यात माणसाच्या भावना पाच भूप्रदेशांत वाटलेल्या आहेत आणि त्यांतले कुरिंजी, मुल्लै हे प्रदेश फुलांच्याच नावाचे. कोन्रै मुल्लैच्या रानातला, आणि मुल्लैचा ऋतू पावसाचा. ‘पावसाळ्यापर्यंत येतो’ असं सांगून गेलेल्या प्रियकराची वाट तिथे पाहिली जाते. ‘कुरुंतोकै’तल्या एका कवितेत कोन्रै फुललेला पाहून नायिका कासावीस होते, सखी तिची समजूत घालते की हे झाड वेडं आहे, अवकाळी पावसाला पावसाळा समजून फसलं.

आता मराठीत काय लिहायचं? कोन्रै म्हणजे बहावा, हे वनस्पतिशास्त्राने पक्कं. पण मराठी वाचकाच्या मनात बहावा म्हणजे वैशाख, तापलेली दुपार, पानं झडलेल्या फांद्यांवरचे पिवळे झुंबर. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 मध्ये आलं. त्याने मराठी वाचकाला महिन्याबरोबर झाड ओळखायला शिकवलं, आणि ती ओळख आता पुसता येत नाही. चेन्नईतही तो एप्रिल-मेमध्येच फुलतो. मी कवितेत ‘बहावा’ लिहिलं की झाड बरोबर येतं आणि ऋतू चुकतो. ‘कोन्रै’ ठेवलं की ऋतू बरोबर राहतो आणि झाड डोळ्यांसमोर येत नाही. मी एकदा ‘बहावा’ लिहिलं, खोडलं, ‘कोन्रै’ लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी ‘कोन्रै’ ठेवलं आणि आधीच्या ओळीत पावसाचे ढग थोडे स्पष्ट केले. ते बरोबर केलं का, याची खात्री अजून नाही.

असं अडलं की मला शिमोग्याचा तो चित्रकार आठवतो. त्याच्यापुढेही रोज हेच होतं. एक जिवंत गोष्ट, ती सुकायच्या आत, ज्याला ती माहीत नाही अशा माणसासाठी ओळखता येईल अशी करून ठेवायची. साहेबाला लॅटिन नाव हवं होतं. रोप कुठून आणायचं, त्याला गावात काय म्हणतात, हे आजूबाजूच्या माणसांना ठाऊक असणार. या दोघांच्या मधे बसून त्याने पानामागून पान रंगवलं. त्याच्या कामावर दुसऱ्यांची पुस्तकं झाली, पदं झाली, आणि एका गणाचं नावही झालं, क्लेगहॉर्नचं. त्याला आज त्याचं नाव देणं कुणालाच शक्य नाही. पण तो होता, मराठी होता, आणि त्याने नुसती नक्कल केली नाही तर निवड केली, एवढं तरी मराठीत नोंदलं जावं म्हणून हे लिहिलं.

यंदा मी फोटोंचा नेम थोडा बदलला आहे. दिवसाला एकच झाड. आधी पाव तास नुसतं पाहायचं, मग फोटो. परवा समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूवरसु होता; पूवरसु म्हणजे फुलांचा राजा, आपल्याकडे पारोसा पिंपळ. त्याचं फूल सकाळी पिवळं असतं आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन कोमेजतं. 1856च्या कॅमेऱ्याला या दोन्ही वेळा सारख्याच काळ्या दिसल्या असत्या. मी सकाळी एक फोटो काढला, संध्याकाळी परत जाऊन एक. घरी आल्यावर वहीत तारीख लिहिली. त्यापुढे झाडाचं नाव लिहिलं, तमिळ आणि मराठी दोन्ही. आणि त्यापुढे, ज्यांनी मला हे झाड पहिल्यांदा दाखवलं, त्या आमच्या इमारतीच्या रखवालदार अण्णांचं नाव लिहिलं.